दाढ भरल्यानंतरची चार वाक्यं

लहान मुलाची दाढ भरून झाली की दवाखान्यातून एक छोटा कागद हातात पडतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. त्यात बहुतेक चारच गोष्टी असतात. त्या बाजूने चोवीस तास चावू देऊ नका. ओठ-गाल चावणार नाही याकडे लक्ष ठेवा. दुखलं तर सांगितलेलं औषध द्या. रात्री दात घासा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या कोडमध्ये अशा ओळी नेहमी भेटतात. त्या कुणी आणि का लिहिल्या हे कुणाला आठवत नाही, पण काढायची हिंमतही होत नाही. भाचीची दाढ भरल्यावर बहिणीने मला असाच मेसेज पाठवला, तेव्हा मी प्रत्येक ओळ कुठून आली ते शोधायला बसलो.

पहिली ओळ चोवीस तासांची. तिचं उत्तर आपल्याच बोलण्यात दडलेलं आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीत दाढेत ‘चांदी भरत’. ही चांदी म्हणजे अमाल्गम. चांदी, कथील आणि तांब्याची पूड पाऱ्यात कालवून केलेला लगदा, ज्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. पॅरिसमध्ये ऑग्युस्त तावो याने १८२६ च्या सुमारास चांदी आणि पाऱ्याचं असं मिश्रण दातात भरायला सुरुवात केली. १८३३ साली क्रॉकोर बंधूंनी ते न्यूयॉर्कला नेलं आणि भारदस्त नाव देऊन धडाक्यात विकलं. कीड नीट न काढताच ते लगदा दाबून मोकळे होत, अशी त्यांची ख्याती होती. सोनं भरणारे तिथले दंतवैद्य खवळले. १८४० साली स्थापन झालेल्या अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी शपथ मागितली. सभासद सोडून गेले आणि १८५६ मध्ये संघटनाच बंद पडली. स्वस्त चांदी जिंकली.

पण ती भरवशाची नव्हती. कधी फुगायची, कधी आकसायची. शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात मिश्रणाचं प्रमाण तपासून तपासून बसवलं, तेव्हा कुठे ती स्थिर झाली. तरीही एक गोष्ट राहिली. अमाल्गम काही मिनिटांत घट्ट होतं, पण पुरेसं मजबूत व्हायला सुमारे चोवीस तास घेतं. त्याआधी चणे फोडले तर कडा तुटायची. मेसेजमधले चोवीस तास हे त्या धातूचे तास आहेत.

आज मुलांच्या दाढेत चांदी क्वचितच भरतात. पाऱ्याचं प्रदूषण रोखण्यासाठी झालेल्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे. त्याच करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं की दुधाच्या दातांत आणि १५ वर्षांखालच्या मुलांत अमाल्गम वापरू नये, डॉक्टरांना अगदीच गरज वाटली तर अपवाद. आता दातांच्याच रंगाचं कॉम्पोझिट भरतात. त्याचं मूळ रसायन राफाएल बोवेन यांनी १९६२ मध्ये पेटंट केलं. निळ्या प्रकाशाखाली ते काही सेकंदांतच कडक होतं, म्हणून त्याला चोवीस तासांची गरज नाही. दुसरा पर्याय ग्लास आयोनोमर, ज्याला आपण सरसकट ‘सिमेंट’ म्हणतो. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या शेवटी ते तयार केलं. हे मात्र मिनिटांत घट्ट होऊन पुढचा दिवसभर मुरत राहतं. सिमेंट भरलं असेल तर पहिला तासभर काही खायला न देणं आणि दिवसभर मऊ भात-खिचडीवर काढणं शहाणपणाचं. म्हणजे ही ओळ कधी खरी, कधी नुसती सवय. ‘काय भरलंत?’ एवढं डॉक्टरांना विचारलं की उलगडा होतो.

दुसरी ओळ ओठांची. ती दाढेत भरलेल्या वस्तूमुळे आलीच नाही, ती भुलीमुळे आली.

१८८४ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेनचं इंजेक्शन खालच्या जबड्याच्या नसेपाशी दिलं. अर्धा जबडा सुन्न झाला. हे प्रयोग ते स्वतःवरही करत होते, आणि हॉलस्टेडला त्याचं व्यसन जडलं. आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्यसन न लावणारं प्रोकेन शोधलं, ते १९०५ मध्ये नोव्होकेन नावाने आलं. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन बनवलं. तेच आज आपल्या गल्लीतल्या दवाखान्यातही वापरतात.

पण हॉलस्टेडच्या त्या नसेचा एक हिशेब आहे. ती फक्त दाढेची नाही, खालच्या ओठाचीही आहे. शेजारच्या जिभेच्या नसेलाही भूल लागते. दाढेचं काम अर्ध्या तासात संपतं, ओठ आणि जीभ मात्र दोन-चार तास परक्यासारखे राहतात. मोठा माणूस ते ओळखतो. पाच वर्षांच्या मुलाला ओठ जाड, रबरासारखा आणि गमतीशीर लागतो, म्हणून ते चावून बघतं. दुखत नाही, म्हणून आणखी चावतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशी भूल दिलेल्या मुलांपैकी साधारण १३ टक्क्यांनी ओठ, गाल किंवा जीभ चावून घेतली होती. चार वर्षांखालच्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं.

म्हणून घरी आणल्यावरचे पहिले तीन-चार तास मुलाला समोरच बसवायचं. झोपू दिलं तरी लक्ष ठेवायचं. भूल उतरेपर्यंत चावून खायचं काही नको आणि गरम दूध तर अजिबात नको, कारण सुन्न तोंडाला चटका कळत नाही. एवढं करूनही ओठ चावलाच तर दुसऱ्या दिवशी तो सुजतो आणि त्यावर पांढरट-पिवळा थर येतो. आईवडिलांना वाटतं पू झाला. बहुतेक वेळा तो पू नसतो, जखम भरत असल्याची ती खूण असते. आठ-दहा दिवसांत जाते. सूज वाढत गेली किंवा ताप आला तरच धावपळ करायची.

तिसरी ओळ दुखण्याची. एक-दोन दिवस थंड-गरम झोंबणं ठीक. दुखलंच तर डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल. पूर्वी मुलांनाही ॲस्पिरिन सर्रास देत. १९८० च्या दशकात त्याचा संबंध रे सिंड्रोम या दुर्मीळ पण जीवघेण्या आजाराशी दिसला, तेव्हापासून ते मुलांच्या औषधांतून गेलं. घरातली जुनी पट्टी शोधू नये, ती यासाठी. आणि चावताना भरलेली दाढच आधी टेकत असेल, रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखत असेल किंवा गाल सुजला असेल, तर घरगुती उपाय पुरे. दवाखाना गाठायचा.

चौथी ओळ, रात्री दात घासा, सगळ्यांत शेवटी असते आणि सगळ्यांत कमी वाचली जाते. यामागे फार मोठी उलथापालथ आहे. ब्लॅक यांचं सूत्र होतं की खड्डा किडलेल्या भागापुरता ठेवू नका, आजूबाजूचा निरोगी दातही कोरा, म्हणजे कडेला पुन्हा कीड लागणार नाही. १९०८ च्या त्यांच्या ग्रंथातून हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन आणि सहकाऱ्यांसमोर प्रश्न वेगळा होता. वीज नाही, ड्रिल नाही, समोर किडलेले दात. त्यांनी हातातल्या हत्यारांनी फक्त मऊ झालेला भाग खरवडला आणि खड्डा बुजवला. पुढे यात ग्लास आयोनोमर वापरायला लागले. बहुतेकदा इंजेक्शनही लागत नाही. म्हणजे दुसऱ्या ओळीची भीतीच उरत नाही. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुढे आणली.

दात जास्त कोरून कीड थांबत नाही, हे यातून पटत गेलं. भरलेल्या दाढेच्या कडेला रात्रीचं साखरेचं दूध आणि बिस्किटाचा लगदा तसाच राहिला तर तिथेच नवा खड्डा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्याकडे त्यावर एक ठरलेलं वाक्य असतं: ‘दुधाचाच तर आहे, पडणारच.’ पण मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयात पडते. सहा वर्षांच्या मुलाला तिच्यावर अजून चार-पाच वर्षं जेवायचं असतं, आणि खालून येणाऱ्या दातासाठी जागा तीच धरून ठेवते.

पहिली ओळ एका दिवसात संपते, दुसरी चार तासांत, तिसरी दोन-तीन दिवसांत. चौथीला मुदत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश दिला तरी शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा असतो, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन, रोज रात्री, सगळं खाऊन-पिऊन झाल्यावर.