हाताजोगी काठी

विटीदांडू खेळणाऱ्या पोराला दांडू निवडायला कोणी शिकवत नाही. मोठ्या भावाचा जड दांडू तो दोनदा फिरवतो, खाली टाकतो आणि मनगटाला झेपेल तोच उचलतो. शाळेच्या मैदानावर हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे गोल्फ या साहेबी खेळाचा इतिहास वाचताना मला मोठी मौज वाटली. पोरांना उपजत कळणारी ही गोष्ट तिथे अजूनही मोठ्या माणसांना समजावून सांगावी लागते!

खेळ दिसायला सोपा. जमिनीवरचा चेंडू काठीने टोलवीत दूरच्या खळग्यात घालायचा. काठीचा माथा मागे किती कलला आहे, यावर चेंडू किती उंच चढणार हे ठरते. या कलाला लॉफ्ट म्हणतात. दांडीला म्हणतात शाफ्ट. फटक्याच्या वेगाने ती वाकते. ती किती ताठ, यावर माथा चेंडूला कसा भिडतो हे अवलंबून.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे कारागीर अमेरिकेतून आलेल्या हिकरी लाकडाच्या दांड्या तासू लागले. हिकरी मोठी चिवट. पण झाड तेवढ्या प्रकृती. दोन दांड्या हुबेहूब निघणे कठीण. काठ्यांना आकडे नव्हते. क्लीक, मॅशी, निब्लिक अशी नावे होती. खेळाडू काठी हाती घेई, हलवून पाही आणि हात सांगेल ते ऐके.

असा कान देणारा हात होता अटलांटाच्या बॉबी जोन्सचा. १९३० साली ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी, अशा चारही स्पर्धा त्याने हिकरीच्या काठ्यांनी जिंकल्या. त्याच्या लांब पल्ल्याच्या काठीला स्कॉटच्या कादंबरीतील नायिकेचे, जीनी डीन्सचे, नाव होते. पुढे त्याच्या काठ्या उपकरणांनी तपासल्या, तेव्हा केवळ अंदाजाने निवडलेल्या त्या साऱ्या एकमेकींशी जुळल्या. जुळली नाही ती एकच, मॅशी-निब्लिक. आणि जोन्सला सदैव छळले तेही तिनेच, असे सांगतात.

तोवर पोलाद आले होते. अमेरिकेच्या संघटनेने पोलादी दांडीला १९२४ मध्ये मुभा दिली, स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या धुरीणांनी १९२९ मध्ये. १९३१ साली बिली बर्कने पोलादी काठ्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि हिकरीचे दिवस भरले. एकसारख्या दांड्या कारखान्यातून निघू लागल्या, काठ्यांना आकडे मिळाले. जोन्सने हाताने शोधलेला मेळ सामान्य खेळाडूलाही दुकानात मिळू लागला. हा लाभ थोडा नव्हे.

पण आकड्याबरोबर अहंकारही आला. वेगवान फटक्याच्या खेळाडूला ताठ दांडी आणि लांब पल्ल्याच्या काठीला नऊएक अंशांचा लॉफ्ट चालतो. मंद फटक्याला लवचीक दांडी आणि अकरा-बारा अंश किंवा त्याहून अधिक लॉफ्ट हवा. नाहीतर चेंडू हवेत टिकतच नाही. दांडी फार ताठ असली, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा खाली राहून उजवीकडे भरकटतो. फार लवचीक असली, तर डावीकडे. तरी साठी उलटलेले गृहस्थ तरण्याबांड खेळाडूची काठी मागतात! शिवाय दांडीवरच्या ताठपणाच्या अक्षरांना सर्व कारखान्यांचे मिळून एक माप नाही. साठ वर्षांपूर्वी सात आकड्याच्या लोखंडी काठीचा लॉफ्ट अडतीस अंशांच्या आसपास असे. आज तो पुष्कळदा तीसच असतो. आकडा तोच, काठी निराळी.

म्हणून जाणते दुकानदार आज आधी गिऱ्हाइकाचा फटका यंत्राने मोजतात, मग काठी पुढे करतात. वर्गात एकाच मापाने साऱ्या मुलांना मोजण्याचा मोह मला ठाऊक आहे. तो सोयीचा असतो, न्यायाचा नसतो. यंत्र तरी अखेर काय विचारते? हा हात कोणाचा, आणि त्याला झेपते किती? हिकरी तासणारा कारागीर हेच विचारीत होता.