रणभूमीचे वाचन : अमेरिकेतील यादवी युद्ध

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–१८६५) अभ्यासाकडे वळणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांची. ज्या लढाईस उत्तरेकडील लोक 'बुल रन' म्हणत, तिलाच दक्षिणेकडील 'मनॅसस' म्हणत; 'अँटीटम' व 'शार्प्सबर्ग' हीही एकाच रणाची नावे होत. उत्तरेने बहुधा जवळच्या ओढ्यावरून नाव दिले, दक्षिणेने गावावरून. दक्षिणेचे सेनानी डी. एच. हिल यांनी याचे कारण असे सुचविले की, उत्तरेचे सैनिक नगरवासी असल्याने त्यांच्या मनावर निसर्ग ठसे, तर दक्षिणेच्या ग्रामवासीयांच्या मनावर वस्ती. उपपत्ती चतुर खरी. परंतु उत्तरेच्या सैन्यातही शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता, तेव्हा ती पुरती पटत नाही. आज जतन केलेल्या रणभूमींपैकी पहिलीस दक्षिणेचे नाव आहे आणि दुसरीस उत्तरेचे, ही गोष्ट भाषाभ्यासकास रंजक वाटावी.

ग्रंथांचा संभार अफाट आहे. शेल्बी फूट यांचे त्रिखंडात्मक कथन (१९५८–१९७४) कादंबरीकाराच्या हातचे. रणवर्णनात त्यास तोड नाही, पण तळटीपा नाहीत आणि गुलामगिरीचा प्रश्न पार्श्वभूमीस पडतो. जेम्स मॅक्फर्सन यांच्या १९८८ मधील ग्रंथात पहिली तोफ उडण्यापूर्वी शेकडो पृष्ठे त्याच प्रश्नाच्या राजकारणास दिलेली आहेत. विद्यार्थ्याने मॅक्फर्सनपासून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथ वाचूनही न उमगणारे काही प्रत्यक्ष भूमीवर उमगते. गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० सैनिक कामी आले अथवा निकामी झाले. तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या पलटणी जे सुमारे मैलभराचे उघडे रान ओलांडून चालून गेल्या, ते नकाशावर सपाट दिसते. वस्तुतः त्यात असे सखल भाग आहेत की चालून येणारी फौज मधूनमधून दृष्टीआड व्हावी.

तथापि भूमीही सर्व सांगत नाही. १९१३ मध्ये येथे उभयपक्षांचे ५०,००० हून अधिक वृद्ध सैनिक एकत्र जमले. अध्यक्ष विल्सन यांनी त्यांच्यापुढे केलेल्या भाषणात गुलामगिरीचा उल्लेख नव्हता. उलट, त्यापूर्वी चाळीस वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला तो गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. युद्धाचे मर्म पुण्यातून अधिक स्पष्ट दिसले, असे म्हणावे लागते.

गेटिसबर्गच्या सेमेटरी रिज या टेकाडावर, जेथे तो अखेरचा हल्ला मोडला त्याच्या निकट, एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे लहानसे घर आहे. लढाईपूर्वीच तो कुटुंबासह तेथून निघून गेला होता. कारण पेन्सिल्व्हेनियात शिरलेली दक्षिणेची फौज स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पकडून दासभूमीत नेत होती. भोवती स्मारकांची दाटी आहे. घर मात्र सहज नजरेतून निसटते.