एका चित्रासाठी किती कपाटं उघडायची?

गेल्या काही व्याख्यानांनंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. कला आणि कलेचा इतिहास शिकायचा तर ग्रंथालयात जाऊन नेमकं काय मागायचं? पुष्कळांना यादी हवी असते. यादी देणं सोपं आहे, पण तिचा उपयोग फार होत नाही. कारण कलेच्या इतिहासाची कामाची पुस्तकं बऱ्याचदा ‘कला’ अशी पाटी असलेल्या कपाटात नसतातच. हे जरा चमत्कारिक वाटेल. म्हणून आज आपण एकच चित्र घेऊ आणि त्याच्या मागोमाग ग्रंथालयात फिरू.

चित्र अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं. दर्शनी भिंतीच्या आतल्या अंगाला आहे. एक राजा सिंहासनावर बसला आहे, भोवती दरबार आहे, आणि समोर टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले, परक्या मुलखातले लोक नजराणे घेऊन आले आहेत. बराच भाग झडलेला. याला ‘इराणी वकिलातीचं चित्र’ म्हणतात. आमच्या पिढीने वाचलं ते असं, की हा राजा म्हणजे बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि पाहुणे म्हणजे इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याचे वकील. ऐकायला छान वाटतं. आपला दख्खनचा राजा, हर्षवर्धनाला अडवणारा, आणि त्याच्या दरबारी इराणची माणसं! लेण्यात आजही हे ऐकू येतं. पण भिंतीवर तसं कुठे लिहिलेलं नाही. मग हे ठरवलं कोणी?

ठरवलं जेम्स फर्ग्युसन यांनी. १८७९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी या विषयावर लेख लिहिला. त्याच लेण्याच्या छतावर इराणी पोशाखातला, हातात पेला घेतलेला एक पुरुष आहे, सोबत स्त्रिया आहेत. तो त्यांना खुस्रो वाटला. शिवाय तबरी या जुन्या इतिहासकाराच्या ग्रंथात खुस्रो आणि एक भारतीय राजा यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा उल्लेख आहे. तो राजा म्हणजे पुलकेशी असं धरलं गेलं. पुलकेशीचा काळ ६१० ते ६४२, खुस्रो मेला ६२८ मध्ये. तेव्हा चित्र सातव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतलं. झालं, तारीख मिळाली. म्हणजे बघा, टोपीवरून माणूस ठरला, माणसावरून राजा ठरला आणि राजावरून लेण्याची तारीख ठरली. नैयायिक असता तर त्याने पहिल्याच पायरीवर हात वर केला असता.

आता ग्रंथालयाकडे या. हा लेख तुम्हाला चित्रकलेच्या कपाटात मिळणार नाही. तो नियतकालिकांच्या बांधीव खंडांत आहे, आणि कॅटलॉगात खंडाचं नाव असतं, आतल्या लेखाचं नसतं. तबरी आहे इराणच्या इतिहासात. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत ड्यूई यांची दशांश पद्धत असते, १८७६ पासूनची. तिच्यात ७०० म्हणजे कला, ७५० म्हणजे चित्रकला. पण बौद्ध धर्म २९४.३ ला, भारताचा इतिहास ९५४ ला, इराणचा ९५५ ला. अजिंठ्याचं एक चित्र समजून घ्यायला या चारही ठिकाणी जावं लागतं. वर्गीकरण करणाऱ्याचा यात दोष नाही. पुस्तक एकाच जागी ठेवता येतं, चित्र मात्र एका विषयात मावत नाही.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, फार वेळ वाचेल. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावाचं नाव ‘अजंटा’ असंच लिहिलेलं असेल असं धरू नका. एकोणिसाव्या शतकात मधलं अक्षर ए ऐवजी यू घालून लिहायची पद्धत होती, म्हणजे ‘अजुंटा’. संगणकाला हे दोन शब्द एक आहेत हे माहीत नसतं. वेरूळचंही तेच, एलोरा आणि एल्लोरा. एका स्पेलिंगने शोधून ‘काही नाही’ असं उत्तर आलं की मंडळी उठून जातात. दुसरं घालून बघितलं तर पन्नास वर्षांचं साहित्य समोर येतं.

आता चित्राकडे. कोणी म्हणेल, पुस्तकं कशाला, लेण्यात जाऊन बघावं ना. जरूर बघावं. पण आज भिंतीवर जे आहे ते १८४४ मध्ये होतं त्यापेक्षा कमी आहे. त्या वर्षी मद्रासच्या फौजेतले कॅप्टन रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीने नकला करायला अजिंठ्याला पाठवलं. त्यांनी कित्येक वर्षं तिथे काढली. त्यांच्या तैलचित्रांतली बहुतेक लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून ती जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हेच काम नव्याने केलं, १८८५ पर्यंत. त्या नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. दोनदा आग! उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्याशिवाय नकला काढताना रंग उजळावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं, आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून दोन जाणकार बोलावून चित्रांची दुरुस्ती करून घ्यावी लागली. नकलेने मूळ वाचवलं आणि मूळ बिघडवलंही.

म्हणून ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ, १८९६–९७ चा, हा केवळ ‘चित्रांचं पुस्तक’ नाही. काही तपशिलांच्या बाबतीत तो भिंतीपेक्षा जुना साक्षीदार आहे. आकार एवढा मोठा की नेहमीच्या फळीवर उभा राहत नाही, त्यामुळे तो आडवा, वेगळ्या कपाटात, कुलपात असतो. कॅटलॉगात नाव दिसलं आणि फळीवर पुस्तक दिसलं नाही तर ‘नाही’ समजू नका, ग्रंथपालांना विचारा. आणि हातात आला की आधी चित्रपाटांची संख्या मोजा. एका जुन्या ग्रंथालयात आम्ही हा ग्रंथ मागवला तेव्हा मधली पानं ब्लेडने कापून नेलेली होती. कोणाच्या तरी दिवाणखान्यात चौकटीत असतील. नोंदवहीत मात्र ग्रंथ ‘सुस्थितीत’.

या नकला करणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. बाकीच्या मराठी, गुजराती, पारशी मुलांची नावं फारशी कोणाला ठाऊक नाहीत. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचं. पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संकेतस्थळावर एकेका नकलेची नोंद आहे आणि कित्येक ठिकाणी ती काढणाऱ्या विद्यार्थ्याचं नावही दिलेलं आहे. मराठी कलेचा इतिहास लिहायचा तर या नोंदी एखाद्याने बसून उतरवून काढायला हव्यात. काम कंटाळवाणं आहे, पण कोणीतरी करायला हवं.

यानंतरच्या नकला झाल्या लेडी हेरिंगहॅम यांच्या, १९१५ चं पुस्तक. त्यात नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी होती. मग गुलाम याझदानी यांचे चार भाग, १९३० ते १९५५. याझदानी हैदराबादचे का? कारण अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. संशोधकाने हे विसरू नये. जुन्या राज्यांच्या सीमा कागदपत्रांना अजून लागू आहेत. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल निजाम सरकारचे. ते मुंबई सरकारच्या दप्तरात शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

आणि आता आपल्या प्रश्नाचं मूळ, म्हणजे तारीख. ती मिळते शिलालेखांत. सोळाव्या लेण्यात लेख आहे, सतराव्यात आहे, सव्विसाव्यात आहे. पहिल्यात दात्याचा लेख नाही, हीच अडचण. हे लेख वाचायचा एक सुरुवातीचा प्रयत्न मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचा. पेशा वैद्यकाचा, छंद ताम्रपट–शिलालेखांचा. त्यांचा लेख एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये, १८६० च्या दशकातला. पुढे भगवानलाल इंद्रजी आले. आणि मग महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. त्यांनी सोळाव्या लेण्याचा लेख नव्याने वाचून १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. लेणं कोरवलं वराहदेवाने, आणि तो वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव. हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पुलकेशीच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं!

मिराशींचं हे काम मराठीतही आहे, ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’, १९५७. ते इतिहासाच्या कपाटात असतं. चित्रकलेचा विद्यार्थी तिकडे जात नाही आणि इतिहासाचा विद्यार्थी चित्रं बघत नाही. मिराशींनी आणखी एक सुचवलं, की दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेत वाकाटकांच्या पडत्या काळाच्या आठवणी असाव्यात. वॉल्टर स्पिंक यांनी हा धागा उचलला आणि अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली सगळी लेणी हरिषेणाच्या काळाभोवतीच्या जेमतेम वीस वर्षांत कोरली गेली असा सिद्धांत मांडला. त्यांचे खंड २००५ पासून निघाले. वीस वर्षं हा आकडा सगळ्यांना मान्य नाही. आम्हालाही एका संस्कृत कथेवर इतका भार टाकणं धाडसाचं वाटतं. पण बिजागरीची भोकं, अर्धवट राहिलेले खांब, गिलाव्याचे थर यांवरून त्यांनी केलेलं निरीक्षण वाचण्यासारखं आहे, तेवढं बारीक कोणी पाहिलेलं नाही.

मग चित्रातला राजा कोण? जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी अजिंठ्याची चित्रं एकेक करून बौद्ध ग्रंथांशी ताडून पाहिली. त्यांच्या मते हा महासुदर्शन, कुशावतीचा चक्रवर्ती, म्हणजे बुद्धाचाच पूर्वजन्म. त्याला नजराणे घेऊन लोक येतात. इराणी टोप्या खऱ्या आहेत, व्यापारामुळे असे लोक दख्खनमध्ये चित्रकाराच्या नजरेस पडलेले असणार. पण प्रसंग कथेतला आहे, राजदरबारातला नाही. पुलकेशीचं नाव आता बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिलं आहे. श्लिंगलॉफ यांची दुरुस्ती १९८० च्या दशकात इंग्रजीतही आली. तरी चित्राखालची ओळ बदलायला तयार नाही, कारण ती ओळ चित्रांच्या पुस्तकांत एकातून दुसऱ्यात उतरत जाते, आणि दुरुस्ती आहे बौद्ध वाङ्मयाच्या कपाटात.

घरी बसून यातलं किती मिळेल? पुष्कळ. इंटरनेट अर्काइव्हवर बर्जेस, फर्ग्युसन यांचे ग्रंथ आहेत, पुरातत्त्व खात्याचे जुने अहवाल आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ नावाने आपले दुर्मिळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत. मात्र एक तक्रार आहे. स्कॅन करणारा माणूस घडीची पानं उलगडत नाही. नकाशे, लेण्यांचे आराखडे, मोठे चित्रपाट हे घडी घातलेलेच स्कॅन होतात, आणि आपल्याला दिसते पांढरी पाठ. अशा वेळी पुस्तकाचं नाव, खंड, पान टिपून घ्या आणि टाउन हॉलच्या पायऱ्या चढा. जाताना पेन्सिल न्या, दुर्मिळ ग्रंथांजवळ शाईचं पेन नको. आणि विषय सांगताना ‘अजिंठ्यावर काही आहे का’ असं विचारू नका, ‘मुंबई शाखेच्या जर्नलचा अमुक खंड’ असं मागा. पहिल्या प्रश्नाला पर्यटनाचं पुस्तक मिळतं.

इथे थांबू या. प्रश्न असतील ते घेऊ.