खेळकरपणा : आघातोपचारकांच्या शिक्षणातील

युद्ध, अपहरण, अत्याचार किंवा बालपणीची दीर्घ हेळसांड यांनी मनावर केलेल्या आघातांवर उपचार करू इच्छिणाऱ्या उमेदवाराच्या अंगी, भयाच्या सान्निध्यातही चित्ताची लवचीकता न गमावता दुसऱ्याच्या खेळात सामील होण्याची जी क्षमता असावी लागते, तिला येथे खेळकरपणा म्हटले आहे. विनोदनैपुण्याशी तिचा संबंध थोडाच. रुग्णाचे दुःख हसण्यावारी नेणारा उपचारक या अर्थाने मुळीच खेळकर ठरत नाही. ही क्षमता उपजत की अर्जित, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही.

पूर्वपीठिका : झिग्मुंट फ्रॉइड यांच्या १९२० च्या ज्या ग्रंथात आघातजन्य मनोविकृतींची व त्यांतील पुनरावर्ती स्वप्नांची चर्चा आहे, त्याच ग्रंथात, दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाआड फेकून पुन्हा ओढून घेतो, त्या प्रसिद्ध खेळाचेही वर्णन आहे; आघात आणि खेळ यांचे साहचर्य येथून मोजण्याचा शिरस्ता आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र ॲना फ्रॉइड व डॉरथी बर्लिंगहॅम यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये चालविलेल्या हॅम्पस्टेड युद्धशिशुगृहांचे दप्तर अधिक मोलाचे होय. बापाचा मृत्यू कबूल न करणारा चार वर्षांचा एक मुलगा गोवराने अंथरुणास खिळला असता कागदी घरे मांडी, त्यांवर गोट्यांचे बाँब टाकी, आणि प्रत्येक खेपेस आतली सारी माणसे वेळीच वाचवून घरे पुन्हा उभी करी, असा दाखला त्यात आहे. १९४७ साली बालमनोपचाराचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत या शिशुगृहांतील काही कर्मचारी होते. अशा खेळाजवळ तासन्‌तास बसण्याची उमेदवारी त्यांनी आधीच केलेली होती.

विनिकट यांचे विवेचन : या विषयाची बैठक घातली ती डॉनल्ड विनिकट (१८९६–१९७१) यांनी. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात सुमारे चाळीस वर्षे बालरोगवैद्य म्हणून काम केलेल्या आणि युद्धकाळात ऑक्सफर्डशायरमधील स्थलांतरित मुलांच्या वसतिगृहांना सल्ला देणाऱ्या या मनोविश्लेषकाने, ‘प्लेइंग अँड रिॲलिटी’ (१९७१) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मनोपचार हा रुग्ण आणि उपचारक या दोघांच्या क्रीडाक्षेत्रांच्या सामाईक भागात घडतो. रुग्णाला खेळता येत नसेल तर त्याला खेळण्याजोगा करणे हे उपचारकाचे पहिले काम, परंतु खुद्द उपचारकालाच खेळता येत नसेल तर तो या कामास लायक नाही. प्रशिक्षणसंस्थांना बसू शकणारा याहून कडक पात्रता-निकष या शाखेच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल, आणि तरीही तो गाळून बाकीचे विनिकट शिकविण्याकडे अनेकांचा कल दिसतो.

त्यांचा रेघोट्यांचा खेळ या दृष्टीने उद्‌बोधक आहे. एकाने डोळे मिटून मनास येईल तशी रेघ ओढायची, दुसऱ्याने तिच्यातून काही आकृती करायची, मग पाळी उलटायची; वैद्यही मुलाइतकाच उघडा पडतो, त्याची चित्रकला बेतासबात असली तरी हरकत नाही, किंबहुना बरेच. या खेळाचे वर्णन छापण्यास विनिकट दीर्घकाळ कचरले. कारण वर्णन हाती पडताच कोणीतरी त्याचे नियमबद्ध तंत्र करील, ही त्यांची भीती होती. उत्स्फूर्ततेचा पाठ घालून द्यावा तर तिची उत्स्फूर्तता संपते, हा पेच त्यांनी मागे ठेवला असून पुढील शिक्षकांनी तो सोडविण्यापेक्षा पुढे ढकलला, असे म्हणावे लागते.

अडलेला खेळ : १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील चौचिला येथे शाळेची बस अडवून २६ मुले व चालक यांना पळविण्यात आले आणि लिव्हरमोरजवळच्या खाणीत पुरलेल्या एका मोठ्या वाहनात कोंडण्यात आले. सुमारे सोळा तासांनी ती सर्व मंडळी स्वतःच वाट काढून बाहेर आली. बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी या मुलांच्या नंतर केलेल्या अभ्यासात आघातोत्तर खेळाची जी लक्षणे नोंदविली, त्यांत एकसुरी व अनिवार पुनरावृत्ती, घटनेशी असलेल्या नात्याची जाणीव नसणे, इतर मुलांना लागण होणे आणि इतके खेळूनही भीती न ओसरणे ही प्रमुख आहेत. शिशुगृहातील कागदी घरांचा खेळही याच जातीचा. एलिआना गिल यांनी मात्र गतिमान आणि साचलेला असा भेद करून, पहिल्या प्रकारच्या पुनरावृत्तीत मूल सावरते, असे मांडले. उमेदवाराला या दोहोंतील फरक ओळखावा लागतो : खेळात नवा तपशील येतो काय, शेवट बदलतो काय, मुलाचा श्वास मोकळा होतो काय, हे पाहणे, आणि काहीच बदलत नसेल तर कथेत एखादा रुग्णवाहिकाचालक वा शेजारी घालून वाट किलकिली करणे. आघाताची भीती स्वतःच्याच अंगी उतरलेल्या उपचारकास नेमके हेच जमत नाही. तोही मुलासारखाच गोठून बसतो किंवा घाईने अर्थ सांगू लागतो.

प्रचलित पद्धती : शिकागो येथे १९६७ पासून ॲन जर्नबर्ग यांनी विकसित केलेल्या थेराप्ले या खेळाधारित उपचारपद्धतीमध्ये, तसेच डॅनिएल ह्यूज यांच्या पद्धतीत, जिच्या चार अंगांत स्वीकार, जिज्ञासा व सहानुभाव यांच्याआधी खेळकरपणाचे नाव येते, भूमिकाभिनय आणि उपचारसत्रांच्या चित्रफितींची पर्यवेक्षकांसह तपासणी ही मुख्य साधने होत. याकोब मोरेनो यांच्या मनोनाट्यातील भूमिकांची अदलाबदल पुष्कळ ठिकाणी उसनी घेतली जाते. आघातकेंद्रित बोधनिक-वर्तनोपचारातही मुलांसाठी खेळ योजतात. सतत दुःखश्रवणाने उपचारकाची जगाविषयीची श्रद्धाच ढळते, असे मॅक्कॅन व पर्लमन यांनी १९९० मध्ये दाखविल्यानंतर खेळकरपणाकडे संरक्षक गुण म्हणूनही पाहिले जाऊ लागले. सहकाऱ्यांतील काळा विनोद त्यात मोडतो की कठोरपणात, हा प्रश्न अनिर्णित आहे.

शरीरशास्त्रीय आधार : याक पँकसेप यांच्या प्रयोगांत मेंदूचे बाह्यक काढलेली उंदरांची पिलेही खेळत राहिली, यावरून खेळाचे मूळ मेंदूच्या खोल भागांत असल्याचे मानतात. सुरक्षिततेची जाणीव व्हेगस तंत्रिकेच्या कार्याशी जोडणारा स्टीफन पोर्जेस यांचा बहुव्हेगस सिद्धांत प्रशिक्षणवर्गांत सर्रास सांगितला जात असला, तरी त्याचा शरीरशास्त्रीय पाया विवाद्य आहे.

मूल्यमापन : प्रायः पर्यवेक्षकाच्या अभिप्रायावर अवलंबून.