उभा व्हिडिओ आडवा का दिसतो? नऊ आकड्यांच्या मॅट्रिक्सचे काम

फोन उभा धरून काढलेला व्हिडिओ गॅलरीत सरळ दिसतो, पण दुसऱ्या ॲपमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उघडला की कधी कधी आडवा पडतो. अशा वेळी व्हिडिओ खराब झालेला नसतो. फाइलमधली एक छोटी सूचना त्या ॲपने वाचलेली नसते.

फाइलमध्ये काय असते?

बहुतेक फोनचा कॅमेरा सेन्सर फ्रेम आडवीच वाचतो, समजा १९२० × १०८० पिक्सेल. फोन उभा असेल तर प्रत्येक फ्रेम फिरवावी लागेल. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर हे सहा कोटींहून अधिक पिक्सेल होतात. त्याऐवजी फोन फ्रेम तशाच साठवतो आणि 'दाखवताना ९० अंशांत फिरवा' अशी नोंद करतो. एमपी४ आणि एमओव्ही फाइलमध्ये ही नोंद ३ × ३ मॅट्रिक्सच्या रूपात असते. नऊ आकडे, फक्त ३६ बाइट.

मॅट्रिक्स काय करते?

घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवणारी मॅट्रिक्स अशी असते:

०  १  ०
−१  ०  ०
१०८०  ०  १

अंतरे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायची. मग या आकड्यांचा अर्थ असा होतो:

- नवे आडवे अंतर = १०८० − जुने उभे अंतर
- नवे उभे अंतर = जुने आडवे अंतर

म्हणजे डावीकडून १०० आणि वरून २०० वर असलेला बिंदू (८८०, १००) वर जातो. खालच्या ओळीतले १०८० नसते, तर फिरलेले चित्र पडद्याच्या डाव्या कडेबाहेर गेले असते.

फिरवणे आणि फ्लिप करणे

सेल्फी व्हिडिओत टी-शर्टवरची अक्षरे उलटी दिसत असतील, तर चित्र कितीही फिरवले तरी ती सुलटी होणार नाहीत. कारण दहावीच्या बीजगणितातल्या निश्चयकात आहे. मॅट्रिक्सच्या वरच्या डावीकडील चार आकड्यांचा निश्चयक फिरवताना +१ येतो, आरशासारखे फ्लिप करताना −१. दोन फिरवण्या एकत्र केल्या की निश्चयकांचा गुणाकार होतो आणि +१ ला +१ ने कितीही वेळा गुणले तरी −१ मिळत नाही. अक्षरांसाठी आडवा फ्लिपच हवा. उलट, एक आडवा आणि एक उभा फ्लिप मिळून १८० अंशांची फिरवणी होते.

क्रमही महत्त्वाचा आहे. वरचाच बिंदू आधी ९० अंश फिरवून मग आडवा फ्लिप केला तर (२००, १००) वर पोहोचतो. आधी फ्लिप, मग फिरवणे केले तर (८८०, १८२०) वर.

मग काय करावे?

- व्हिडिओ आडवा दिसला तर आधी दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून पाहा. तिथे सरळ दिसला तर फाइल ठीक आहे.
- फक्त नोंद बदलणारे टूल वापरले तर काम क्षणात होते आणि दर्जा कमी होत नाही.
- ॲप ती नोंद वाचतच नसेल, तर एडिटरमध्ये फिरवून नवी फाइल सेव्ह करावी लागते. यात पिक्सेल खरोखर फिरतात आणि व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस होतो. प्रत्येक वेळी दर्जा थोडा घटतो, म्हणून फिरवणे, फ्लिप आणि कापणे एकाच वेळी उरका.
- मूळ फाइल मात्र डिलीट करू नका.