पिसांतील पाऱ्याची बखर

उत्तर ध्रुवाजवळ कारखाने जवळपास नाहीतच. पण कोळशाच्या धुरातून सुटलेली पाऱ्याची वाफ वाऱ्याबरोबर तेथे पोहोचते. सूक्ष्मजीव त्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि प्लवक, मासे, सील अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते.

कॅनडाच्या आर्क्टिकमधील ‘आयव्हरी गल’ या शुभ्र कुरव पक्ष्याची १८७७ ते २००७ या काळातील पिसे संग्रहालयांत होती. २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी नमुने टिकवण्यासाठीही पाऱ्याचे क्षार वापरत. म्हणून मोजला तो मिथाइल पारा. १३० वर्षांत तो ४५ पट झाला होता! आहारच बदलला असेल, ही शंका रास्त. परंतु पिसांतील कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांत तशी खूण सापडली नाही. म्हणजे पारा अन्नातच वाढला. त्याच समुद्रातील सील हे इन्युइट कुटुंबांचे पिढीजात अन्न आहे.