चराईचा कर आणि मैदानातले तंबू

जोडून सुट्टी आली की दादर-परळकडच्या फोर बाय फोर गाड्या माळरानाच्या शोधात घाट चढू लागतात. टपावर तंबू, मागे गॅसची शेगडी, आणि जायचे ते अशा ठिकाणी जिथे गवत आहे, गुरे आहेत आणि माणसांची वर्दळ नाही. या हौसेत वावगे काही नाही. पण तिच्यामागे एक समजूत दडलेली असते: गवत, गुरे आणि तंबू ही शहराबाहेरची दुनिया, मुंबईचा तिच्याशी कधी संबंध असलाच तर तो वस्ती वाढली तसा आपोआप सुटला. दक्षिण आणि मध्य मुंबईचा इतिहास ही समजूत टिकू देत नाही. गुरांना पुरेल एवढी जागा इथे होती. ती कोणी, कशासाठी वापरायची याचे नियम बदलले आणि गुरे हटली.

किल्ल्याच्या तटाबाहेर एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण मैदान होते. शत्रू आला तर तोफांचा मारा अडू नये म्हणून घरे पाडून आणि झाडे तोडून इंग्रजांनीच ते मोकळे केले होते; 1803 मध्ये फोर्टात मोठी आग लागली, त्यानंतर ते आणखी रुंद झाले. म्हणजे हे कुरण काही अनादी गावरान नव्हते, लष्करी गरजेतून निघालेली ती मोकळी जमीन होती. या जमिनीचे दोन उपयोग शेजारी-शेजारी चालत. उन्हाळ्यात कोंदट फोर्ट सोडून साहेब मंडळी इथे तंबू ठोकत, बांबूचे तात्पुरते बंगले उभारत, आणि पावसाळा तोंडावर आला की सगळे उतरवून परत जात. आजच्या भाषेत हे कॅम्पिंगच, तेही हंगामभराचे. आणि याच मैदानाच्या कॅम्प मैदान म्हटल्या जाणाऱ्या भागात, म्हणजे आजच्या आझाद मैदानावर, हिंदू-मुसलमान सगळ्यांची गुरे फुकट चरत. 1822 मध्ये सरकारने चराईवर कर बसवला. तो परवडेना, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी 1838 मध्ये पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वारच्या बाजूला समुद्राकाठची कुरणे विकत घेतली आणि गुरांना मोकळी केली. चर्नी रोडचे नाव या चरणीवरून पडले असे म्हणतात. ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून ते पडले असेही एक मत आहे. दुसरे मत खरे ठरले तरी फारसे बिघडत नाही, कारण कर आणि खरेदी या दोन घटना नावाच्या आधाराशिवाय उभ्या राहतात.

जमशेटजींच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगल झाली, आणि पुढे दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, अमीचंद शाह यांच्यासोबत त्यांनी पांजरपोळ काढला. भुलेश्वरात तो अजून आहे. तरीही चराईच्या बाबतीत काय झाले ते नीट पाहायला हवे. 1822 पूर्वी गुरे चारणे ही सगळ्यांची वहिवाट होती. कर आल्यावर ती सवलत झाली, जमीन खरेदी झाल्यावर एका शेठजींची कृपा. वहिवाट मोडली की निदान तिच्यासाठी भांडता येते. कृपा संपली तर कोणाकडे दाद मागणार? पुढे त्या किनाऱ्याला रेल्वे आली, घरे आली, आणि चरणीचे फक्त स्टेशन राहिले.

यावर पहिला आक्षेप लोकसंख्येचा. 1872 च्या जनगणनेत मुंबईत 6,44,405 माणसे मोजली गेली. एवढ्या गर्दीत गायी चारायच्या कुठे? आक्षेप वजनदार आहे, पण एस्प्लनेडच त्याला उत्तर देते. 1860 च्या दशकात तट पाडला, काही भागावर इमारती आल्या, तरी आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने मोकळीच राहिली. तिथून गाय गेली आणि खेळ आला. 1880 च्या दशकाच्या आरंभी गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उखडते म्हणून देशी क्रिकेटवाल्यांना सरकारकडे अर्ज करावे लागले. गवतावर खुरांची बंदी नव्हती तर! खूर कोणाच्या जनावराचा, एवढेच पाहिले जात होते.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. 1896 मध्ये मांडवीत प्लेग उपटला, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या शेतांचे आखीव प्लॉट झाले. दाट वस्तीत जनावरे नकोत हे म्हणणे रास्त होते. फक्त ते चराईच्या करानंतर पाऊणशे वर्षांनी आले, आणि जनावरे त्यामुळे गेलीही नाहीत. परळला 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळही तिथेच, ते उगाच नव्हे. ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल आणि दुभती जनावरे शहरात भरपूर होती. चाळींना दूध लागत होतेच. म्हणून कुरणाऐवजी तबेले झाले, आणि दावणीला बांधलेल्या म्हशी बाहेरून आणलेल्या वैरणीवर आणि पेंडीवर दूध देऊ लागल्या. भाकड झालेली म्हैस पोसणे परवडत नसे, ती खाटकाकडे जाई. जनावर शहरात राहिले, त्याचे चरणे तेवढे संपले, आणि घाणीची तक्रार याच बंदिस्त तबेल्यांतून वाढली.

हा गुंता दारा खुरोडी यांच्या दूध योजनेने सोडवू पाहिला. 1949 मध्ये गोरेगावजवळ तीन हजारांहून अधिक एकरांवर आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिकडे हलू लागल्या. सरकारने स्वतः जमीन राखून जनावरांना दिली, हे 1822 च्या नेमके उलट. मात्र ही जमीनही योजनेने दिलेली होती, वहिवाटीची नव्हती. त्यामुळे 2019 मध्ये मेट्रो-3 च्या कारशेडसाठी तिथली झाडे तोडली गेली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांना झाडांसाठी, जंगलासाठी, आदिवासी पाड्यांसाठी बोलता आले. चराईचा हक्क म्हणून बोलण्यासारखे तिथे काही उरलेच नव्हते. तीच मेट्रो आता आरेहून निघून दादर, गिरगाव करत आझाद मैदानाशेजारच्या सीएसएमटीपर्यंत आणि पुढे कफ परेडला जाते.